भाकर कुठं ठेवली आहे ते बघा: ख्रिस्ती पंथ ओळखण्याची माझी रीत

माझ्या सासऱ्यांच्या अंत्यविधीला आमच्या शाळेतले सात-आठ शिक्षक पुण्याहून पहाटे निघून वसईला आले होते. मिस्सा, म्हणजे कॅथलिकांची मुख्य उपासना, चालू असताना ख्रिस्तप्रसादाची, म्हणजे वेदीवरची पवित्र भाकर घेण्याची, वेळ झाली, लोक रांगेनं पुढे निघाले, आणि माझ्या एका सहकारी बाईही त्यांच्यासोबत उठल्या. त्यांनी त्या भाकरीची पांढरी चकती अगदी भक्तिभावानं तळहातावर घेतली आणि रुमालात बांधून पर्समध्ये ठेवली. घरी आई आजारी होती, तिला प्रसाद न्यावा एवढंच त्यांच्या मनात होतं. दाराशी उभ्या असलेल्या स्वयंसेवकानं ते पाहिलं, धावत आला, आणि भर शोकसभेत त्यांना ती चकती परत द्यावी लागली. त्या दिवशी बाईंचा चेहरा उतरला तो मी अजून विसरलेले नाही. चूक त्यांची नव्हती, माझी होती. आदल्या रात्री फोनवर मी ‘या’ म्हटलं, आत गेल्यावर काय करायचं ते सांगितलं नाही.

तेव्हापासून कुणी आमच्याकडच्या लग्नाला, बारशाला, मातीला येणार असलं की मी त्यांना ही रीत सांगते. आज ती नीट लिहून काढते आहे.

आधी माझ्याविषयी. माझं माहेर नगर जिल्ह्यातलं, नेवासे तालुक्यातल्या वडाळ्याच्या बाजूचं. आजी अमेरिकन मराठी मिशनच्या शाळेत शिकलेली, म्हणजे आम्ही प्रॉटेस्टंट, त्यातले काँग्रिगेशनल, म्हणजे प्रत्येक मंडळीनं आपला कारभार आपणच पाहणारे, आणि 1970 नंतर अनेक पंथ मिळून झालेल्या चर्च ऑफ नॉर्थ इंडियाचे. सासर वसईचं, पिढ्यान्‌पिढ्यांचं कॅथलिक. धाकटी बहीण लग्नानंतर पेंटेकॉस्टल मंडळीत गेली आणि तिथं तिनं दुसऱ्यांदा बाप्तिस्मा घेतला. वरच्या मजल्यावर केरळचं सिरो-मलबार, म्हणजे पोपना मानणारं पण सिरियन पद्धतीनं उपासना करणारं, कुटुंब राहतं. त्यामुळे ‘तुम्ही ख्रिश्चन म्हणजे सगळे एकच ना?’ हा प्रश्न मला जेव्हा कुणी विचारतं, तेव्हा मला आमचं जेवणाचं टेबल डोळ्यापुढे येतं. नाताळला आम्ही सगळे त्या टेबलाशी एकत्र बसतो. चर्चमधल्या टेबलाशी मात्र आजवर एकदाही एकत्र बसलेलो नाही.

म्हणून माझी रीत टेबलापासूनच सुरू होते. पंथांतले फरक समजून घ्यायला लोक श्रद्धेच्या मोठ्या मोठ्या व्याख्या वाचायला घेतात आणि दोन पानांत थकतात. तसं करू नका. चर्चमध्ये जा, मागच्या बाकावर बसा, आणि फक्त एवढं बघा: भाकर कुठं ठेवली आहे, कुणाच्या हातात आहे, कुणाला मिळते आणि उरलेल्या भाकरीचं काय होतं. मराठी बायबलात येशू म्हणतो, ‘मी जीवनाची भाकर आहे.’ दोन हजार वर्षांतली आमची बहुतेक मोठी भांडणं या ना त्या वाटेनं याच भाकरीपाशी येऊन पोचली आहेत.

आत शिरल्यावर समोर काय आहे

दारातून थेट समोरच्या भिंतीकडे बघा. मधोमध दगडी वा लाकडी वेदी, मागे क्रूस आणि त्या क्रुसावर येशूची मूर्ती, बाजूला मरिया मातेचा आणि संतांचा पुतळा असं दिसलं, तर बहुधा तुम्ही कॅथलिक चर्चमध्ये आहात. खात्री करायची असेल तर एक लहानसं बंद कपाट शोधा. ते बहुधा सोनेरी असतं आणि त्याच्याजवळ एक दिवा, बऱ्याचदा लाल काचेतला, सतत तेवत असतो. त्या कपाटात उरलेला ख्रिस्तप्रसाद ठेवलेला असतो. कॅथलिक शिकवण अशी की धर्मगुरूंनी वेदीवर येशूचे शब्द उच्चारल्यावर ती चकती दिसायला चकतीच राहते, पण खरोखर ख्रिस्ताचं शरीर होते. म्हणून तिथून जाताना माणसं गुडघा टेकतात. ते गुडघा टेकणं पुतळ्यासाठी नसतं, त्या कपाटासाठी असतं. हे कळलं की माझ्या सहकारी बाईंच्या रुमालावरून एवढी धावपळ का झाली तेही कळतं.

क्रूस आहे पण रिकामा आहे, पुतळे नाहीत, आणि समोर सगळ्यात उठून दिसतं ते उपदेशाचं व्यासपीठ, तर ते आमचं चर्च. प्रॉटेस्टंट, त्यातही काँग्रिगेशनल, प्रेस्बिटेरियन किंवा मेथडिस्ट घडणीचं. टेबल असतं, पण साधं, एखाद्या घरातल्यासारखं. त्यावर पुष्कळदा बायबल उघडं ठेवलेलं असतं. आमच्याकडे प्रभुभोजन, म्हणजे भाकर आणि पेला घेण्याचा विधी, दर रविवारी असेलच असं नाही, बऱ्याच मंडळ्यांत महिन्यातून एकदा असतं. उपदेश मात्र चुकत नाही. आजी म्हणायची, ‘आपल्याकडे वचन वाढतात.’

समोर मोठा पडदा दिसला, धुपाचा वास आला, बायकांनी डोकी झाकलेली आहेत आणि लोक बराच वेळ उभेच आहेत, तर ती सिरियन परंपरा. आपल्याकडे ती बहुतेक करून मलयाळी मंडळींची. पडद्यामागे वेदी असते, आणि उपासनेत तो पडदा ठरावीक वेळी सरतो आणि मिटतो.

रंगमंच, ढोलकी, कीबोर्ड, ड्रम, पडद्यावर गाण्याचे शब्द, माणसं हात उंचावून मोठ्यानं एकाच वेळी प्रार्थना करताहेत, वेदी कुठंच नाही, तर पेंटेकॉस्टल किंवा तत्सम स्वतंत्र मंडळी. माझ्या बहिणीची सभा सुरुवातीला एका शाळेच्या हॉलमध्ये भरायची. तिथं वास्तूवरून काहीच ओळखता येत नाही, माणसांवरून ओळखावं लागतं.

आणि गणवेशातली माणसं, खांद्यावर पट्ट्या, झेंडा, बँड, ‘मेजर’ आणि ‘कॅप्टन’ अशा हाका ऐकल्या तर ती मुक्तिफौज, म्हणजे साल्व्हेशन आर्मी. तिथं भाकर शोधूच नका. विल्यम बूथ यांनी 1883 मध्ये बाप्तिस्मा आणि प्रभुभोजन हे दोन्ही विधी आपल्या फौजेत बंद केले, सगळं जीवनच पवित्र व्हावं या विचारानं. त्याच्या वर्षभर आधी, 1882 मध्ये, त्यांची पहिली तुकडी मुंबईत उतरली होती. तिचे प्रमुख फ्रेडरिक टकर भगवे कपडे घालून अनवाणी फिरायचे आणि स्वतःला फकीर सिंग म्हणवून घ्यायचे.

भाकरीवरून इतिहास वाचायचा असेल तर

इथं थोडं थांबते, कारण सन-सनावळ्या पाठ करून जे कळत नाही ते इथं कळतं.

सुरुवातीच्या फुटी भाकरीवरून नव्हत्या. ख्रिस्ताचं देवपण आणि माणूसपण कसं सांगायचं यावरून 431 मध्ये इफिससच्या आणि 451 मध्ये कॅल्सेडनच्या परिषदेनंतर पूर्वेकडच्या मंडळ्या वेगळ्या झाल्या. इजिप्तचे कॉप्टिक, आर्मेनियन, इथिओपियन आणि सिरियन ऑर्थोडॉक्स ही त्या दुसऱ्या फुटीची घराणी. केरळच्या ऑर्थोडॉक्स मंडळींचं नातं यांतल्या सिरियन घराण्याशी.

मग 1054. रोम आणि कॉन्स्टँटिनोपल यांच्यात जे मोठं भांडण पेटलं त्यात पोपच्या अधिकाराचा प्रश्न होताच, पण तेव्हा जोरात वाजला तो खमिराचा वाद. रोमचे धर्मगुरू बेखमीर, म्हणजे पीठ न आंबवता केलेली, भाकर वापरत, पूर्वेकडचे खमीर घातलेली. दोघंही एकमेकांना चुकीचे ठरवत होते. 16 जुलैला पोपच्या दूतानं, कार्डिनल हंबर्टनं, कॉन्स्टँटिनोपलच्या आया सोफिया चर्चच्या वेदीवर बहिष्काराचं पत्र ठेवलं. त्या खुणा अजून पुसल्या नाहीत: कॅथलिक मिस्साबलिदानातली चकती बेखमीर आणि पातळ असते, पूर्वेकडच्या, म्हणजे ग्रीक-रशियन ऑर्थोडॉक्स, उपासनेतली भाकर फुगलेली असते. ग्रीक किंवा रशियन चर्चमध्ये गेलात तर ती द्राक्षारसात भिजवून चमच्यानं तोंडात घालतात, अगदी तान्ह्या बाळालासुद्धा.

पश्चिमेकडे पुढे पेल्यावरून रक्त सांडलं. सामान्य लोकांना फक्त चकती द्यायची, पेला धर्मगुरूंनीच घ्यायचा अशी प्रथा रूढ झाली होती. चर्चवर टीका करणारे धर्मगुरू यान हुस यांना 1415 मध्ये कॉन्स्टन्स इथं जाळल्यावर बोहेमियातल्या, म्हणजे आजच्या चेक देशातल्या, त्यांच्या अनुयायांनी पेला हेच आपलं निशाण केलं. शंभर वर्षांनी, 31 ऑक्टोबर 1517 या तारखेनं, जर्मनीत मार्टिन ल्यूथर यांचे रोमच्या चर्चवर टीका करणारे प्रबंध आले, आणि तिथून प्रॉटेस्टंट पंथ सुरू झाला. ल्यूथरही पेला सर्वांना द्यावा याच मताचे. पण 1529 मध्ये मारबुर्गच्या किल्ल्यात ल्यूथर आणि झुरिकचे प्रॉटेस्टंट सुधारक त्स्विंगली समोरासमोर बसले, तेव्हा पंधरापैकी चौदा कलमांवर त्यांचं जमलं आणि भाकरीवर अडलं. ल्यूथरनी टेबलावर खडूनं लिहून ठेवलं होतं: ‘हे माझे शरीर आहे.’ त्स्विंगली म्हणत, ‘आहे’ म्हणजे ‘सूचित करते’. हे फक्त स्मरण आहे. ते तसेच उठले. जॉन कॅल्व्हिन यांनी पुढे मधला मार्ग काढला, की भाकर भाकरच, पण विश्वासानं घेणाऱ्याला पवित्र आत्म्याच्या द्वारे ख्रिस्त खराच मिळतो.

मला हा प्रसंग आठवला की वाईट वाटतं. आमच्या नगरकडच्या मंडळीत लहानपणी पाळकसाहेब पावाचे तुकडे ताटात फिरवायचे आणि छोट्या छोट्या काचेच्या पेल्यांतून द्राक्षांचा रस द्यायचे. दारू नाही, रस. तो कुठून आला हे मला फार उशिरा कळलं. अमेरिकेतले मेथडिस्ट दंतवैद्य थॉमस वेल्च यांनी 1869 मध्ये द्राक्षरस आंबू नये म्हणून तो तापवून बाटलीत भरण्याची युक्ती काढली, ती प्रभुभोजनात दारू नको म्हणूनच.

इंग्लंडची गोष्ट वेगळी. आठव्या हेन्रीनं 1534 मध्ये पोपशी नातं तोडलं, पण बिशप, वेदी, ठरलेल्या प्रार्थना हे सगळं अँग्लिकन चर्चनं ठेवलं. त्यामुळे अँग्लिकन परंपरेत एका टोकाला जवळजवळ कॅथलिक दिसणारी चर्चेस आहेत आणि दुसऱ्या टोकाला आमच्यासारखी साधी. नवखा माणूस चकतो तो इथंच.

माणूस चकतो त्या जागा

पुण्यात गुरुवार पेठेतलं पंचहौदचं पवित्र नाम देवालय बघा. उंच घंटाघर, आत भव्य वेदी. कुणीही कॅथलिकच म्हणेल. पण ते अँग्लिकन संन्यासी फादरांनी आणि सिस्टरांनी उभं केलेलं आणि आज चर्च ऑफ नॉर्थ इंडियाचं. तिथं पाळकांना ‘फादर’ म्हणण्याची सवयही जुनी आहे. याच पंचहौद मिशनमध्ये 1890 मध्ये लोकमान्य टिळक, न्यायमूर्ती रानडे यांच्यासह मंडळी चहाला गेली आणि त्यावरून ग्रामण्य, म्हणजे त्यांना जातीबाहेर टाकण्याचा वाद, झालं, हे आपण शाळेत शिकतो. पण ते मिशन कुठल्या पंथाचं हे मुलांना विचारलं तर वर्गात शांतता पसरायची.

त्यापासून फार लांब नाही ते क्वार्टर गेटचं सिटी चर्च. ते खरं कॅथलिक, सवाई माधवराव पेशव्यांनी दिलेल्या जागेवरचं, त्यांच्या फौजेतल्या गोव्याच्या शिपायांसाठी. दोन्ही एकाच सकाळी बघा, फरक डोळ्यांना आपोआप शिकवतील.

आणि कॅम्पातलं लाल देऊळ. उंच मनोरा, घड्याळ, गॉथिक कमानी बघून रिक्षावालेसुद्धा चर्च म्हणतात. ते ज्यूंचं सिनेगॉग आहे, डेव्हिड ससून यांनी बांधवलेलं.

चपलांवरूनही निष्कर्ष काढू नका. नगर जिल्ह्यातल्या खेड्यांत आमचे लोक चपला बाहेर काढतात, सतरंजीवर बसतात, एका बाजूला पुरुष आणि एका बाजूला बाया, डोक्यावर पदर. शहरातला कुणी आला तर त्याला सिरियन परंपरा वाटेल. ती आपल्या मातीची रीत आहे, पंथाची नव्हे.

आडनावही फसवतं. डाबरे, परेरा, लोपीस अशी नावं असली तर कॅथलिक असण्याची शक्यता मोठी, कारण वसईवर 1534 ते 1739 पोर्तुगीज होते. पण साळवे, गायकवाड, शिंदे असतील तर काहीच सांगता येत नाही. श्रीरामपूरजवळच्या हरेगावला सप्टेंबरात मतमाउलीची, म्हणजे मरिया मातेची, यात्रा भरते, तिथं लाखो माणसं येतात, आणि त्यांतले कितीतरी कॅथलिक साळवे आणि गायकवाडच असतात.

कान उघडे ठेवा

डोळ्यांनी न जमलं तर शब्द ऐका. मराठीनं प्रत्येक पंथाला वेगळी बोली दिली आहे, आणि भाषा शिकवत आल्यामुळे मला हा भाग सगळ्यांत आवडतो.

बाळाच्या विधीला कॅथलिक माणूस ‘स्नानसंस्कार’ म्हणेल, आम्ही ‘बाप्तिस्मा’ म्हणू. ते ‘क्रूस’ म्हणतील, आमच्या बायबलात ‘वधस्तंभ’. ते ‘धर्मग्राम’ म्हणतील, आम्ही ‘मंडळी’. ते ‘धर्मगुरू’ किंवा ‘फादर’, आम्ही ‘पाळकसाहेब’. पेंटेकॉस्टल मंडळीत ‘पास्टर’. बिशपना कॅथलिक लेखनात ‘महागुरुस्वामी’ म्हटलेलं वाचाल. भेटल्यावर माझ्या माहेरी अजून ‘सलाम’ करतात, आणि तो मुसलमानी नाही, जुना मराठी ख्रिस्ती सलाम आहे. बहिणीच्या मंडळीत फोन उचलला की ‘प्रेज द लॉर्ड’.

प्रभूची प्रार्थना सुरू झाली की शेवटाकडे लक्ष द्या. आम्ही ‘आम्हांला वाइटापासून सोडव’ म्हटल्यावर थांबत नाही, ‘कारण की राज्य, पराक्रम व गौरव ही सर्वकाळ तुझी आहेत’ हे जोडूनच आमेन म्हणतो. कॅथलिक मिस्सामध्ये ‘सोडव’नंतर धर्मगुरू मध्ये एक प्रार्थना म्हणतात आणि मग लोक राज्य-पराक्रमाची ओळ घेतात. घरी जपमाळ म्हणताना तर ती ओळ नसतेच. लग्नानंतर पहिल्या आठवड्यात संध्याकाळच्या प्रार्थनेला मी एकटीच पुढे म्हणत गेले आणि सगळं घर शांत. सासूबाई हसल्या नाहीत. पुढच्या संध्याकाळी त्या ‘सोडव’ म्हणून थांबल्या आणि माझी ओळ पुरी होईपर्यंत वाट पाहत राहिल्या. त्या होत्या तोवर रोज.

दहा आज्ञांचे आकडेही जुळत नाहीत. ‘सहावी आज्ञा’ म्हटलं तर आमच्याकडे खून करू नकोस, कॅथलिकांकडे व्यभिचार करू नकोस. आज्ञा त्याच, फक्त मोजणी वेगळी. बायबलची पुस्तकं आमच्याकडे 66, त्यांच्याकडे 73. अंगावर क्रुसाची खूण करणं आमच्या माहेरी नाही. कॅथलिक डाव्या खांद्याकडून उजवीकडे करतात, ग्रीक आणि रशियन ऑर्थोडॉक्स उजवीकडून डावीकडे. केरळचे ऑर्थोडॉक्स मात्र डावीकडून उजवीकडेच करतात, तेव्हा तेवढ्यावरून ठरवू नका.

जिल्हा विचारा

मराठी प्रॉटेस्टंट माणसाला पंथ विचारण्यापेक्षा ‘मूळ गाव कुठलं?’ विचारा. ते जास्त सभ्यही आहे आणि जास्त उपयोगाचंही. एकोणिसाव्या शतकात मिशनांनी महाराष्ट्र आपसांत वाटून घेतला, आणि ज्या तालुक्यात जे मिशन गेलं तीच तिथल्या घरांची परंपरा झाली.

नगर आणि सोलापूरकडचा असेल तर अमेरिकन मराठी मिशन, म्हणजे काँग्रिगेशनल. हे मिशन 1813 मध्ये मुंबईत आलं. रेव्हरंड नारायण वामन टिळक याच परंपरेचे. त्यांची भजनं आज कॅथलिक चर्चमध्येही गातात, आणि आयुष्याच्या शेवटी 1917 मध्ये त्यांनी मिशन सोडून ‘देवाचा दरबार’ काढला, ज्यात बाप्तिस्मा न घेतलेल्यालाही जागा होती. कोल्हापूर, सांगली, मिरजेकडचा असेल तर अमेरिकन प्रेस्बिटेरियन. मिरजेचं वानलेस हॉस्पिटल त्यांनीच काढलेलं. नागपूरचा असेल तर स्कॉटलंडचं फ्री चर्च, स्टीफन हिस्लॉप यांचं. नाशिकच्या शरणपूरचा असेल तर अँग्लिकन, चर्च मिशनरी सोसायटीचं. गुलामांच्या जहाजांतून सोडवलेली आफ्रिकन मुलं तिथं शिकत होती, आणि आफ्रिका धुंडाळणारे मिशनरी डेव्हिड लिव्हिंगस्टन यांच्या शेवटच्या प्रवासात त्यांच्यासोबत त्यांपैकी काही जण होते. अकोल्याकडे अलायन्स मिशन, वाशीम-बुलढाण्याकडे नाझरीन मिशन, यवतमाळकडे फ्री मेथडिस्ट.

29 नोव्हेंबर 1970 रोजी नागपुरात सहा परंपरांची मिळून चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झाली. अँग्लिकन, काँग्रिगेशनल आणि प्रेस्बिटेरियन (हे दोघं आधीच एकत्र आले होते), बाप्तिस्त, ब्रदरन, ब्रिटिश-ऑस्ट्रेलियन मेथडिस्ट, डिसायपल्स. अमेरिकन परंपरेचे मेथडिस्ट अगदी शेवटच्या क्षणी बाहेर राहिले. म्हणून आजही पुण्या-मुंबईत मेथडिस्ट चर्चची पाटी वेगळी दिसते. आजीचं काँग्रिगेशनल मन या एकीकरणाला शेवटपर्यंत पुरतं रुळलं नाही. मंडळीनं आपले निर्णय आपण घ्यायचे, ही तिची पक्की धारणा, आणि आता वर बिशप आले होते. मला स्वतःला वाटतं, 1970 चं ते पाऊल आमच्या पिढीनं पाहिलेली सगळ्यांत चांगली गोष्ट होती.

पेंटेकॉस्टल म्हणजे कालपरवा बाहेरून आलेलं असं अनेकांना वाटतं. दौंड तालुक्यातल्या केडगावला पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनमध्ये 1905 मध्ये मुली रडत, मोठ्यानं प्रार्थना करत रात्ररात्र जागल्या, ते लॉस एंजलिसच्या अझुसा स्ट्रीटवरच्या 1906 च्या प्रसिद्ध सभांच्या आधी, ज्यांपासून हा पंथ सुरू झाला असं सहसा सांगतात. रमाबाईंचा स्वतःचा बाप्तिस्मा 1883 चा, इंग्लंडमध्ये, अँग्लिकन. तिथल्या सिस्टरांशी त्यांनी पत्रांतून बरोबरीनं वाद घातला, आणि कुठल्याच एका चौकटीत त्या पुऱ्या मावल्या नाहीत. पुढे त्यांनी मूळ भाषांवरून बायबल साध्या मराठीत आणलं. बहिणीनं दुसरा बाप्तिस्मा घेतला तेव्हा मी तिच्याशी वर्षभर नीट बोलत नव्हते. आजीनं दिलेला बाप्तिस्मा तिनं पुसला असं मला वाटत होतं. तिची मंडळी मानते की समज आल्यावर स्वतः मागून, पाण्यात पुरतं बुडून घेतलेलाच बाप्तिस्मा खरा. आमची मंडळी मानते की देव बाळालाही धरतो. मी माझ्या मतावर आहे, पण ती नदीतून वर आली तेव्हाचा तिचा चेहरा मी फोटोत पाहिला आहे.

पाहुणे म्हणून गेलात तर

कॅथलिक मिस्सामध्ये ख्रिस्तप्रसादाच्या रांगेत उभे राहू नका, बाकावरच बसा. पुढे जाणाऱ्यांना वाट द्यायला पाय आत घ्या, एवढं पुरे. ऑर्थोडॉक्स आणि सिरियन उपासनेतही तसंच. आमच्या चर्चमध्ये ताट बाकावर आलं तर त्यातलं काही न घेता ते शेजाऱ्याकडे द्या. कुणालाही गैर वाटत नाही. लोक उभे राहिले की उभे राहा, गुडघे टेकले की बसून राहिलात तरी चालतं. दानाची पिशवी आली तर टाकलंच पाहिजे असं नाही. शनिवारी उपासनेचं बोलावणं आलं तर तारीख चुकली असं समजू नका, ते सेव्हंथ डे ॲडव्हेंटिस्ट असतील. त्यांच्याकडे प्रभुभोजनाच्या आधी एकमेकांचे पाय धुतात. त्यांना भेट म्हणून चहापत्ती मात्र नेऊ नका, त्यांच्यात चहा टाळतात.

मातीला जाल तेव्हा कॅथलिक घरात ‘त्यांच्या आत्म्यासाठी प्रार्थना करतो’ म्हणालात तर त्यांना बरं वाटेल, ते मृतांसाठी प्रार्थना करतात आणि 2 नोव्हेंबरला कबरींवर मेणबत्त्या लावतात. प्रॉटेस्टंट घरात ‘तुमच्यासाठी प्रार्थना करतो’ म्हणा. निधनाची बातमी लिहायची असेल तर दोन्हीकडे ‘ख्रिस्तवासी’ चालतं. आणि पाळकाला सरसकट मिशनरी म्हणू नका. आमचे पाळक इथलेच, नेवाशाचे नि राहुरीचे.

माझं लग्न वसईला चर्चमध्ये झालं, बिशपांची परवानगी काढून. नवऱ्यानं मुलांना कॅथलिक वाढवण्याचं वचन दिलं. विधी झाला, सह्या झाल्या, पण मिस्सा ठेवली नाही, कारण ठेवली असती तर नवरीला बाजूला बसवून वऱ्हाडानं ख्रिस्तप्रसाद घेतला असता. ते सुचवणारे फादर फार कनवाळू होते. तेव्हापासून तिकडे गेलो की यजमान रांगेत जातात आणि मी बाकावर त्यांचा चष्मा सांभाळत बसते. माझ्या मंडळीत टेबल बाप्तिस्मा झालेल्या सर्वांना खुलं आहे, पण त्यांच्या चर्चचा नियम त्यांना तिथं घेऊ देत नाही, म्हणून तिथं ते बसतात आणि मी जाते.

घरातली भाकर बघायची असेल तर पवित्र आठवड्यातल्या गुरुवारी एखाद्या केरळी सिरियन कुटुंबाकडे ओळख असू द्या. येशूच्या शेवटच्या भोजनाच्या त्या रात्री ते बिनखमिराचं पेसहा अप्पम करतात, तांदूळ आणि उडदाचं, सोबत नारळाच्या दुधात गूळ घातलेलं पाल. एका अप्पमवर झावळ्यांच्या रविवारी (ईस्टरच्या आधीच्या रविवारी) चर्चमध्ये मिळालेल्या पातीचा छोटा क्रूस ठेवतात. ते घरातला कर्ता प्रार्थना करून मोडतो आणि थोरापासून लहानापर्यंत घरच्यांनाच देतो. बाकीची अप्पम वाटतात. गेली अनेक वर्षं त्या संध्याकाळी आमच्या दाराची बेल वाजते. वरच्या मजल्यावरच्या चेचीच्या (मलयाळीत चेची म्हणजे ताई) हातात झाकलेलं ताट असतं. मी, माझा नवरा आणि त्या दिवशी मुक्कामाला आलेली माझी बहीण, आम्ही तिघं स्वयंपाकघरातच उभ्याउभ्या एकाच ताटातून खातो.